डिओ शर्टावर, जिवाणू काखेत

घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. संध्याकाळच्या लोकलचा डबा आठवून तुम्ही हसाल, पण खरे तेच आहे. अंगभर येणारा घाम म्हणजे बहुतांशी मीठ-पाणी. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांतून प्रथिने व स्निग्ध पदार्थ असलेला स्राव येतो. काखेतले जिवाणू त्यावर ताव मारतात, आणि त्यातून जी आम्ले आणि गंधकाची संयुगे सुटतात त्यांचा तो दर्प.

आता तुमच्या कपाटातला डिओचा डबा काढा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. बहुतेक बॉडी स्प्रेमध्ये अल्कोहोल, वायू आणि सुगंध एवढेच सापडेल. अल्कोहोलने थोडे जिवाणू मरतात, तेही फवारा त्वचेवर मारला तर. आपण तो सर्रास शर्टावर मारतो! मग दुपारी गुलाब आणि घाम यांचा एकत्र वास येतो. जाहिरातीत मात्र मुली मागे धावतात. २०११ मध्ये सरकारलाच अशा जाहिरातींवर आक्षेप घ्यावा लागला होता. कॉलेजातल्या पोरांना आधी स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लावायची आणि मग अत्तर औषध म्हणून विकायचे, याचा मला राग येतो.

घाम कमी करते ते अँटिपर्स्पिरंट. त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामात विरघळून ग्रंथीच्या तोंडाशी जेलसारखे बूच तयार करतात. ते काही दिवसांत आपोआप निघून जाते. हे रात्री, पूर्ण कोरड्या काखेत लावायचे, कारण तेव्हा घाम कमी असतो. सकाळी आंघोळीनंतर ओल्या अंगाला घाईत फासले तर बरेचसे वाहून जाते. नुकतेच दाढी केलेल्या काखेत लावू नका, आग होते.

'याने स्तनाचा कॅन्सर होतो' हा व्हॉट्सॲपवरचा निरोप तुम्हालाही आला असेल. असा संबंध सिद्ध झालेला नाही. २००२ मध्ये अमेरिकेत कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली, तेव्हाही तो आढळला नाही. 'विषारी द्रव्ये घामातून बाहेर पडायला हवीत' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. आणि 'केमिकल नको, तुरटी बरी' म्हणणाऱ्यांनो, तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

बाकी खर्च नको असेल तर रोज साबणाने काख धुवा, नीट पुसा, सुती कपडे वापरा आणि कालचा शर्ट आज पुन्हा चढवू नका.

एवढे करूनही शर्ट भिजत असेल, पेपर लिहिताना तळहाताने उत्तरपत्रिका ओली होत असेल तर तो हायपरहायड्रोसिस हा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, बारीक ताप आणि घटते वजन असे एकत्र असेल तर काखेचा विचार सोडा आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्या.