श्रमदानाचा हिशेब आणि कुलूपबंद घरे

विद्यार्थी समाजाचे काही देणे लागतो, हे वाक्य शिबिरांच्या उद्‌घाटनप्रसंगी इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते कानी पडताच टाळीसाठी हात आपोआप पुढे येतात. हे देणे किती, ते कोणी कोणाला द्यायचे आणि ते फिटले की नाही हे कोणी पाहायचे, हे प्रश्न मात्र उद्‌घाटकांची मोटार गावाबाहेर पडली की विसरले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्रसेना यांना श्रेयांकांची जागा मिळाली आहे. सेवेला आता गुणपत्रिकेत रकाना लाभला असल्यामुळे तर या प्रश्नांचा विचार अधिकच अगत्याने व्हायला हवा.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात असताना तो सेवा योजनेत होता; पदवीच्या वर्गात आल्यावर छात्रसेनेत गेला. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नाव नोंदविता येत नाही. त्यामुळे फावडे आणि रायफल ही दोन्ही हाताळलेले विद्यार्थी तसे थोडेच.

सेवा योजनेचे त्याचे सात दिवसांचे विशेष शिबिर डिसेंबरात बीड जिल्ह्यातील एका डोंगराकाठच्या गावी भरले. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी पाहुण्यांचे व्याख्यान, रात्री करमणुकीचा कार्यक्रम, असा सर्वत्र असतो तसाच क्रम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या ओढ्यात रचण्याचे काम चार दिवस चालले. पाचव्या दिवशी सर्वेक्षण. हाती छापील फॉर्म घेऊन दोघादोघांनी घरोघर जायचे होते. या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेल्या गल्लीत निम्म्याहून अधिक दारांना कुलपे होती. उरलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदराला धरून उभी असलेली नातवंडे. बाकीचे गाव ऊसतोडीला गेले होते. बीडच्या मुलाला खरे तर हे नवे नव्हते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल ती जोडी हंगामभर फेडते, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला होता. नवे होते ते एवढेच की, हातातल्या फॉर्ममध्ये शौचालय आहे काय, बँकेत खाते आहे काय, असे सगळे प्रश्न होते. पण घराला कुलूप असेल तर काय लिहावे, यासाठी जागाच नव्हती. त्याने कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारले. ती घरे वगळावीत, असे उत्तर मिळाले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्रमिकांच्या हंगामी स्थलांतरावर एखाददुसरे पान असते. ते पान त्या मुलापुढे गल्लीभर पसरलेले होते आणि शिबिराने त्याला ते वगळायला सांगितले! सेवा योजनेचे उद्दिष्ट सेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास हे आहे, बंधारे बांधणे हे नव्हे. तरीही शिबिराच्या अहवालात बंधाऱ्याची लांबी ठळकपणे नोंदली जाते, गोण्यांची संख्या लिहिली जाते, छायाचित्र जोडले जाते. त्या कुलपांविषयी मात्र कोठे अक्षरही नसते.

श्रमदानाच्या आर्थिक मोलाविषयीही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. शंभर शहरी किंवा निमशहरी पोरांनी चार दिवसांत जेवढी माती हलविली, तेवढी सरावाचे थोडे मजूर निम्म्या वेळात हलवतील. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात पुढे आलेली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली रोजगार हमी योजना याच महाराष्ट्राने देशाला दिली. मातीकामाला दाम मिळाला पाहिजे, हे तत्त्व या राज्याने कायद्यात लिहून ठेवले आहे. ज्या गावात काम नाही म्हणून माणसे बाहेर पडतात, त्याच गावात बाहेरून आलेल्यांनी फुकट माती उपसावी, यातली विसंगती निदान आपल्या लक्षात तरी यावी. श्रमदान करू नये असा याचा अर्थ नव्हे. हाताला फोड आल्यावाचून घमेल्याचे वजन कळत नाही, आणि ज्याला ते कळले तो पुढे कचेरीत बसून मजुरांच्या हजेरीपटावर सही करताना थोडा तरी थबकेल. बाबा आमटे यांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हा तिच्या नावात ‘संस्कार’ हा शब्द घातला होता. नांगरल्या गेलेल्या जमिनीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यांनी नांगरणाऱ्याला दिले.

छात्रसेनेचे दहा दिवसांचे वार्षिक शिबिर हे निराळेच जग. तेथे प्रश्न विचारायचे नसतात. पहाटेची शिट्टी, पी.टी., नाश्त्यासाठी थाळी-मग घेऊन रांग, मग कवायतीचे मैदान आणि ‘सावधान’, ‘विश्राम’ची हाळी. या विद्यार्थ्याच्या तंबूत डॉक्टरचा मुलगा होता, हमालाचा होता, आणि आडनावावरून जात ओळखण्याची गावाकडची सवय पहिल्या दोन दिवसांतच मोडली. कारण हवालदार सर्वांना एकाच सुरात ओरडत असे. पॉइंट टू-टूच्या रायफलीतून झाडलेल्या पाच गोळ्यांची आठवण मुले वर्षभर सांगत राहतात. परंतु त्याला अधिक लक्षात राहिले ते आळीपाळीने आलेले मेसचे काम. घरी जेवलेले ताट कधी न उचललेल्या मुलाने मोठाली पातेली घासली. त्याच्या आईला हे खरे वाटले नाही. छात्रसेनेकडे ‘पोरांची परेड’ म्हणून पाहणाऱ्यांनी या पातेल्यांचाही हिशेब धरावा. अर्थात, आज्ञापालन हाच शिस्तीचा आदि आणि अंत मानला की, मैदानावर ताठ उभा राहणारा कॅडेट परत आल्यावर एस.टी.च्या दारात धक्काबुक्की करतो, हेही दिसतेच.

सक्ती आणि स्वेच्छा यांचा झगडाही जुनाच आहे. १९५९ मध्ये नेमलेल्या चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेल्या गृहस्थाची ही शिफारस मुख्यतः खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींपायी बाजूला पडली, हा एक योगायोगच. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली छात्रसेना चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावी लागली. पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सेवा योजना सुरू झाली. त्या वेळचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हेही अर्थशास्त्रज्ञच.

आता सक्ती दाराने नव्हे, खिडकीतून येत आहे. श्रेयांक आणि अधिक गुण यांचे आमिष ही सक्ती नव्हे, असे म्हणता येईल. आणि ‘सी’ प्रमाणपत्रामुळे सैन्यभरतीत फायदा होत असेल, तर गरीब घरच्या मुलाने त्याची आशा का धरू नये? धरावीच. पण दोन वर्षांत २४० तास सेवा, हा सेवा योजनेचा हिशेब डायरीत कसा भरला जातो, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. आणि गुणांच्या बाजारात उतरायलाही भांडवल लागते. हा विद्यार्थी संध्याकाळी कापडाच्या दुकानात काम करीत असे. छात्रसेनेच्या शिबिरासाठी त्याने दहा दिवसांची सुटी मागितली. परत आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा होता. वर्गात ज्याला संधी खर्च म्हणतात, तो त्याने असा रोखीने भरला. ज्याच्या घरून खर्चाला पैसे येतात त्याला तेच श्रेयांक, तेच प्रमाणपत्र, फुकट मिळाले. शिबिरात जेवण आणि निवास मिळतो, हे खरे. बुडालेली मजुरी कोणी देत नाही. कमवून शिकणाऱ्यांसाठी महाविद्यालयांनी विद्यार्थी साहाय्य निधीतून तेवढी भरपाई दिली, तर सेवेचा तो अपमान ठरणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्रात तरी ठरू नये.

त्या गावचे फॉर्म महाविद्यालयाच्या कपाटात आहेत. त्यांची बेरीज करून ग्रामसभेपुढे ठेवण्याचे काम वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मातीकामापेक्षा कितीतरी चांगले साधले असते. त्यासाठी त्याच गावी पुन्हा जावे लागेल, आणि तेही माणसे घरी असताना. ऊसतोडीची कुटुंबे साधारणतः दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शिबिरे मात्र डिसेंबर-जानेवारीत भरतात, कारण तेव्हा पहिल्या सत्राच्या परीक्षा उरकलेल्या असतात. निदान ऊसतोडीच्या पट्ट्यात ती मेच्या सुटीत वा पावसाळ्याच्या प्रारंभी घेता यावीत, एवढी मुभा विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने मिळू शकते. आणि तोवर, छापील फॉर्ममध्ये ‘घर बंद, कुटुंब कामासाठी बाहेरगावी’ असा एक रकाना वाढवायला तर परिपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही.