भांडण सोडवणाऱ्याचा पगार



गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या गल्लीत आपल्याच दहावीतल्या दोन मुलांची मारामारी झाली. मूळ कारण झांक्यांच्या गर्दीत लागलेला धक्का. मोबाईलवर ते दोन दिवस पेटत राहिले आणि गल्लीत आले तेव्हा दोन्ही बाजूंना दहा-दहा मुले उभी होती. एकाच्या हाताला सात टाके पडले. दुसऱ्याच्या हाती मी टी.सी. दिली. तेव्हा ते मला योग्य वाटले होते. आज तो मुलगा कोणत्याच शाळेत जात नाही, आणि ज्या टोळक्यापासून त्याने दूर राहावे असे मला वाटत होते, त्याच टोळक्यात दिवसभर बसलेला दिसतो.

आता विश्वस्त मंडळापुढे आठ नवे कॅमेरे आणि मागच्या भिंतीवर तारेचे कुंपण असा प्रस्ताव आहे. हेतू चांगलाच आहे. पण नंतर चौकशी केली तेव्हा कळले की नववीच्या वर्गाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी ठाऊक होती. कॅमेऱ्याला ती तिसऱ्या दिवशी दिसली असती. पहिल्या दिवशी ज्याच्या कानावर घालावे असा माणूस मुलांना नव्हता, आणि मला हा माणूस नेमायचा आहे.

ही कल्पना माझी नाही. विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे शिकागोचे नाव आपल्या मुलांना पाठ आहे. त्याच शहरात डॉ. गॅरी स्लटकिन नावाचे साथरोगतज्ज्ञ आहेत. सोमालियात कॉलऱ्यावर आणि आफ्रिकेच्या इतर भागांत एड्सवर काम करून ते परतले, तेव्हा गोळीबाराच्या घटनांचा नकाशा त्यांना साथीच्या नकाशासारखा दिसला. एका घटनेतून दुसरी, तिच्यातून तिसरी. साथीत आरोग्यसेवक त्याच वस्तीतला घेतात, कारण लोक त्याला दार उघडतात. म्हणून २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या भागात त्यांनी तिथलीच माणसे पगारावर घेतली, आणि २००४ पासून केवळ भांडणाच्या मध्ये पडण्यासाठी वेगळी माणसे नेमली. यांतले कित्येक जण स्वतः टोळीत राहून, तुरुंग पाहून आलेले. कुणाला गोळी लागली की हे इस्पितळात पोचतात आणि सूड घ्यायला निघालेल्या भावाजवळ, मित्राजवळ बसून राहतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून मला यासाठी 'बीच-बचाव' हाच शब्द सुचतो. 'मध्यस्थी' म्हटले की सतरंजी घालून बसलेली बैठक डोळ्यांपुढे येते. बीच-बचाव करणाऱ्याला स्वतः एखादा फटका बसू शकतो.

परिणाम काय झाला? २००८ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सात वस्त्यांचा अभ्यास केला. काही ठिकाणी गोळीबार स्पष्ट कमी झाला होता, काही ठिकाणी श्रेय देण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण अहवाल येण्याआधीच, २००७ मध्ये, राज्याने अनुदान थांबवले होते आणि अनेक वस्त्यांतली माणसे घरी बसली होती. पुढेही तेच. २०२२ च्या कायद्याने अमेरिकेने अशा कामांसाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठरवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या न्याय विभागाने अनेक अनुदाने मध्येच रद्द केली. ज्याच्या शब्दावर मुलाने हातातले हत्यार खाली ठेवले, तोच पुढच्या महिन्यात दिसेनासा झाला तर नंतर येणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

ग्लासगोची गोष्ट वेगळी. तिथे २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा कमी करण्याचा विभाग काढला आणि पुढे स्कॉटलंडच्या सरकारने तो पोसला. टोळ्यांतल्या मुलांना कोर्टात बोलावून पोलिसांनी आधी स्पष्ट बजावले, मग ज्या आईच्या मुलावर हल्ला झाला होता ती त्यांच्यापुढे बोलली, आणि शेवटी मदतीचा फोन नंबर दिला. शल्यचिकित्सक शाळाशाळांतून जाऊन चाकूची जखम म्हणजे काय ते सांगू लागले. २००४-०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुमारे १४० खून झाले होते; दहा वर्षांनी ही संख्या निम्म्याहून कमी होती. शिक्षाही कडक झाल्या होत्या, हेही सांगायला हवे. पण पैसा आणि माणसे वर्षानुवर्षे टिकली.

आपल्या इंदूरला हे नवे नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक उस्ताद होते. सकाळची पाळी मिलमध्ये, संध्याकाळी आखाड्यात. दोन घरांत काही शिजते आहे हे त्यांना आधी कळे. त्यांचा पगार मिल देत होती, म्हणून गल्लीला ते फुकट मिळाले. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतर मिलाही गेल्या. तशा संध्याकाळी आता कुणाजवळ आहेत?

माझा प्रस्ताव असा. आपल्याच मोहल्ल्यातले दोन माजी विद्यार्थी, रोज संध्याकाळी पाच ते आठ, मैदानावर आणि गल्लीत. प्रत्येकी महिना आठ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार. कॅमेरे व कुंपणाचा अंदाज २ लाख १० हजारांचा आहे. मात्र हा खर्च एक वर्षाचा नको, तीन वर्षांचे वचन हवे. आपल्याकडे आई-वडिलांच्या स्मरणार्थ पंखे येतात, पाण्याची टाकी येते, कारण त्यांवर नाव कोरता येते. पगारावर पाटी लागत नाही, ही अडचण मी समजते.

काही पालक म्हणतील, हे पोलिसांचे काम आहे. चाकू निघाल्यावर आहेच. धक्का लागल्यावर मात्र कोणी पोलिसांत जात नाही. दुसरे म्हणतील, दांडगाईला बक्षीस कशाला? त्यांनी त्या दोघांपैकी एकाच्या घरी माझ्याबरोबर यावे. गेल्या महिन्यात मी गेले होते. आईने चहा दिला. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी ओपन स्कूलचा फॉर्म घेऊन.