चित्रामागची गोष्ट

राजा रविवर्मा यांनी काढलेले शकुंतलेचे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. पायात रुतलेला काटा काढण्यासाठी ती थांबली आहे, पण तिची नजर मात्र मागे वळली आहे. काटा हे केवळ निमित्त आहे. तिला दुष्यंताला पुन्हा एकदा पाहायचे आहे. हे चित्र पाहिले की मनात प्रश्न येतात. चित्रकारासमोर कोण उभे राहिले असेल? रंग कालवताना त्याच्या मनात काय चालले असेल?

इतिहास यांपैकी सगळ्या प्रश्नांची उत्तरे देत नाही. तो आपल्याला सांगतो, की रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे झाला आणि १९०६ साली ते वारले. १८९४ साली त्यांनी घाटकोपर येथे छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे नेला. आपली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके याच रेल्वेमार्गावर, घाटकोपर आणि मळवली यांच्या मध्ये आहेत. त्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रे छापत. त्यामुळे राजवाड्यातील तसबिरी सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. या साऱ्याची नोंद आहे. पण माणसाच्या मनातील खळबळ कोणत्या दप्तरात नोंदलेली असते?

इथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते. 'स्वामी' ही कादंबरी लिहिणाऱ्या रणजित देसाई यांनी १९८४ साली 'राजा रविवर्मा' ही कादंबरी लिहिली. तीत सुगंधा नावाची स्त्री रविवर्मा यांच्या आयुष्यात येते. त्या दोघांचे बोलणे कोणी लिहून ठेवले नव्हते. देसाई यांनी ते कल्पनेने रचले. काही लोक म्हणतात, की थोर माणसांच्या तोंडी अशी वाक्ये घालणे बरोबर नाही. मला हे म्हणणे पटत नाही. सनावळी पाठ करून माणूस कळत नाही. त्याची तळमळ, त्याचा एकटेपणा समजून घ्यायला कल्पना लागते. ती लढवण्याचा लेखकाला हक्क आहे.

मात्र लेखकाला हक्क असेल, तर वाचकावरही जबाबदारी आहे. आपल्या उर्दूतीलच उदाहरण घ्या. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली 'अनारकली' हे नाटक लिहिले. पुढे १९६० साली 'मुगल-ए-आझम' हा चित्रपट आला. आज कोणालाही विचारा, अनारकलीला भिंतीत चिणले, असे तो छातीठोकपणे सांगेल. पण 'अकबरनामा' किंवा 'तुझुक-ए-जहांगीरी' यांत तिचे नावसुद्धा नाही. आपले नाटक दंतकथेवर आधारलेले आहे, असे ताज यांनी स्वतःच सांगितले होते. लेखक प्रामाणिक होता. वाचक आणि प्रेक्षक मात्र ते विसरले. कल्पनेतल्या प्रसंगांना इतिहास मानून आपल्या देशात खरी माणसे एकमेकांशी भांडतात, हे फार वाईट आहे. म्हणून गोष्ट वाचताना तिचा आनंद लुटावा. पण वाद घालण्यापूर्वी पुरावा मागावा.

आता आपल्या अंबरनाथकडे या. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ कोरलेला आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव त्यात आहे. छिन्नी चालवणाऱ्या हातांची कहाणी मात्र त्यात नाही. उन्हात तापलेल्या दगडावर एखादा कारागीर दिवसभर घाव घालत असेल. त्याचा मुलगा त्याला पाणी आणून देत असेल. हातून एखादी कड तुटली, तर त्याचा जीव हळहळत असेल. ही माझी कल्पना आहे, इतिहास नाही. पण तिच्यामुळे त्या दगडामागचा माणूस मला दिसतो.

तुम्हीही ते शिल्प आदराने आणि निरखून पाहा. मग वहीच्या एका पानावर तुम्हाला मिळालेली माहिती लिहा आणि दुसऱ्या पानावर तुमची गोष्ट लिहा. दोन्ही पाने जपून ठेवा. पण एक पान दुसऱ्यात मिसळू देऊ नका.