विकत घेतलं, पण झालं कुणाचं?

आमच्या पलूसकडचा माणूस पावशेर वांगी घेतानासुद्धा देठ बघतो, कीड शोधतो, समोरच्या पाटीतला भाव विचारून येतो आणि शेवटी कोथिंबिरीच्या दोन काड्या फुकट उपटतो. अशा गावातली पोरं व्हिडिओ गेमवर पैसे उधळतात, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार आहे. ती मला साफ नामंजूर आहे.

माझ्या पुतण्याचंच बघा. गेम मनात भरला की तो आधी दुसऱ्याला तो खेळताना तासभर बघतो. मग मित्रांत चौकशी. मग वाट बघणं. "काका, आत्ता नाही घ्यायचा. डिसेंबरात सेल लागतोय." एवढा धीर आमच्या पिढीने लग्न जमवतानासुद्धा धरला नव्हता! डिस्क घ्यायची तर सांगली गाठायची, खेळून झाली की विकून टाकायची. "तीन हजाराला घेतली, दोनला गेली, म्हणजे हजारात पडली," हा त्याचा हिशेब. 'स्टीम' नावाच्या संगणकावरच्या दुकानात तर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, परत करता येतो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचून मुकाट्याने बाहेर पडणारे आपण, या पोरांना व्यवहार शिकवणार?

तेव्हा माझं भांडण पोरांशी नाही, दुकानाशी आहे. पडद्यावर 'विकत घ्या' असं बटण असतं. पोरगं ते दाबतं आणि हाती येतो तो गेम नव्हे, खेळण्याचा परवाना! तो धाकट्या भावाला देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा गेम २०१४ साली विकायला काढला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले. गेम नेटशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याकडे उरली ती नुसती चकती. चहाचा कप ठेवायला बरी!

आमच्या शेजारी किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला. तिथले लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी विकत घेतले. पण 'आता आम्ही हा नांगर बंद केला' म्हणून कारखान्याचा माणूस कुणाच्या बांधावरून नांगर उचलून घेऊन गेला, असं काही ऐकिवात नाही.

कंपनीवाले म्हणतील, सर्व्हर चालवायला खर्च येतो. येतोच की! जन्मभर चालवा असं कोण म्हणतंय? फक्त कुलूप लावण्याआधी गेम नेटशिवाय चालेल असा करून द्या. तेही जमत नसेल तर निदान खरं बोला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू आहे: देताय तो परवाना असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणायचं नाही. आपल्याकडे हे कुणाला सुचायला काय हरकत आहे?

तोवर पोरांनी भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: नेट तोडलं तर चालतो का? आणि दुसऱ्याला देता येतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर किंमतही भाड्याचीच द्यावी. लहानपणी आम्ही तासावर सायकली घेत होतो. तास संपला की परत करताना जीव तुटायचा. पण फसवल्यासारखं कधी वाटलं नाही. कारण त्या दुकानाच्या पाटीवर सरळ मराठीत लिहिलेलं असायचं: 'सायकली भाड्याने मिळतील.'