फुटपाथलाही नर्स हवी

पुलाखाली राहणाऱ्या एका काकांच्या पायाला जखम झाली. साखर वाढलेली होती. दवाखान्यात सांगितलं, ‘रोज ड्रेसिंगला या.’ काका दोनदा गेले, मग बंद. विचारलं तर म्हणाले, ‘ताई, तिकडं गेलो की इकडं बोचकं उचलून नेतात.’ आम्ही पोहोचलो तोवर अंगठा काळा पडला होता. काढावा लागला.

‘ही माणसं निष्काळजी असतात,’ असं लोक म्हणतात. वॉर्डात नोकरीला असताना आम्हीही म्हणायचो. आज ते मागे घेतो.

2011च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर मोजले गेले. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात बेघरांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण आशाताईचं काम घरं मोजून चालतं. ज्याला दारच नाही, त्याचा नंबर कोण लावणार?

टीबीचंच घ्या. औषध फुकट आहे, पण साध्या टीबीलाही सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, तेही बँक खात्यात. आज या नाक्यावर, उद्या त्या पुलाखाली, खातं नाही, कागद पावसात भिजलेले. अशा माणसाची गोळी सुटली तर दोष एकट्या त्याचा कसा? आणि अर्धवट सोडलेला टीबी पुढे नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. तो पुलाखालीच थांबत नाही, वस्तीतही येतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डात ठरलेल्या वारी, संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर, नर्सने फुटपाथवर जावं. पिशवीत ड्रेसिंगचं सामान, बीपी-साखर तपासायचं यंत्र, थुंकीचे डबे असावेत. गरोदर बाईची आणि लसीच्या बाळाची नोंद तिथंच व्हावी. केसपेपरवर ‘पुलाखाली’ एवढा पत्ता पुरावा.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? आपल्यातल्या कितीतरी घरांची शहरातली पहिली रात्र रस्त्याकडेलाच गेली, आजीला विचारा. विहारात तपासणी शिबिर असेल तेव्हा समोरच्या फुटपाथवर जाऊन बोलावणं करा. आशाताईला त्यांची माणसं दाखवा. आणि कुणी ड्रेसिंगला निघालं, तर तासभर त्याचं बोचकं आपल्या ओट्यावर ठेवून घ्या. त्या काकांना एवढं मिळालं असतं, तर त्यांचा अंगठा कदाचित वाचला असता.