टाळ्या वेगळ्या, मते वेगळी

नोरा आउनोर हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानी पडले असेल. पण फिलिपाईन्स देशात धुणीभांडी करणाऱ्या बायांपासून विद्यापीठातल्या प्राध्यापकांपर्यंत सर्वांना ते ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी ही गायिका-अभिनेत्री गेली आणि सरकारने तिला वीरांच्या दफनभूमीत सरकारी इतमामाने निरोप दिला. आम्ही पडलो हिशेबाचे मनुष्य. तेव्हा या आयुष्याचा जमाखर्च मांडून पाहावा असे आम्हास वाटले. जमेची बाजू भक्कम आहे, आणि खर्चाच्या बाजूला आपण सर्वांनी शिकण्यासारखे काही आहे.

बिकोल भागातील इरिगा या गावी २१ मे १९५३ रोजी एका गरीब घरात नोराचा जन्म झाला. स्टेशनात गाडी थांबली की ही पोर उतारूंना पाणी विकायची. गळा गोड होता. गाण्याच्या स्पर्धेतले बक्षीस म्हणजे घरात चार पैसे, म्हणून ती स्पर्धांमागून स्पर्धा गाऊ लागली. १९६७ साली 'तावाग नांग तांगहालान' या देशभर गाजणाऱ्या स्पर्धेत, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ती अजिंक्य ठरली. तेथून तबकड्या, रेडिओ, दूरदर्शन आणि सिनेमा अशी तिची गाडी सुटली.

आता यात नवल काय, असे कोणी विचारील. नवल तिच्या रंगाचे होते. फिलिपाईन्सवर स्पेनने तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले. पुढे, मधला जपानी अंमल सोडला तर, १९४६ पर्यंत अमेरिकेने केले. राज्यकर्ते गेले, पण गोरी कातडी आणि उंच नाक म्हणजेच सौंदर्य ही समजूत मागे ठेवून गेले. पडद्यावरची नायिका गोऱ्यांच्या रक्ताची, निदान तशी दिसणारी तरी हवी, असा तिथला रिवाज होता. त्या पडद्यावर ही ठेंगणी, सावळी, पाणी विकणारी मुलगी उभी राहिली. मोलकरणी, कामगार, फेरीवाले यांना पहिल्यांदा वाटले की पडद्यावर आपल्यासारखे कोणीतरी आहे. तिच्या चाहत्यांना 'नोरानियन' असे नावच पडले. रंगावरून, वस्तीवरून हिणवले जाणे म्हणजे काय हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना या आनंदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

नोराबाई नुसत्या लोकप्रियतेवर थांबल्या नाहीत. १९७६ सालच्या एका चित्रपटात त्यांनी अमेरिकन लष्करी तळाच्या सावलीत जगणाऱ्या नर्सची भूमिका केली. १९९५ साली फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या घरकामगार बाईला सिंगापुरात फाशी झाली. पोटासाठी परमुलुखात गेलेल्या त्या बाईसाठी सारा देश हळहळला. त्याच वर्षी तिच्यावर निघालेल्या चित्रपटात नोराबाईंनी तिची भूमिका केली आणि कैरोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळविला.

इथवर सारी जमा झाली. आता राजकारणाकडे वळू.

मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारून देशात हुकूमशाही आणली. १९८६ च्या निवडणुकीत नोराबाई त्यांच्याच प्रचाराला उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात जनता रस्त्यावर उतरली आणि मार्कोस देश सोडून पळाले. पुढे १९९८ साली नट असलेले एस्ट्राडा राष्ट्राध्यक्ष झाले. नोराबाई आधी त्यांच्या बाजूला होत्या, पण २००१ साली त्यांच्याविरुद्धच्या निदर्शनांत दिसल्या. त्याच वर्षी आपल्या कामारिनेस सूर प्रांताच्या गव्हर्नरपदासाठी त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि पडल्या. २०२२ साली कलावंतांच्या एका यादीतून संसदेसाठी पुन्हा प्रयत्न झाला. तोही वाया गेला. ज्या मातीत जन्म झाला, तिथेही गव्हर्नरपदापुरती मते मिळाली नाहीत.

शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. विल्मा सांतोस या नोराबाईंच्या पडद्यावरील प्रतिस्पर्धी. त्या १९९८ साली लिपा शहराच्या महापौर झाल्या. तिथे तीन मुदती काढून २००७ साली बातांगास प्रांताच्या गव्हर्नर झाल्या, २०१६ साली संसदेत गेल्या आणि २०२५ साली पुन्हा गव्हर्नर झाल्या. त्यांच्या सासरी राजकारणाची जुनी बैठक होती, हेही विसरता येणार नाही. पण नगरपालिकेच्या पायरीपासून चढत जाणे आणि एकदम वरच्या मजल्यावर उडी घेणे यातला फरक स्पष्ट आहे.

गंमत अशी की नोराबाईंच्या चित्रपटांनीच हे आधी सांगून ठेवले होते. १९८० सालचा 'बोना' त्यांनी स्वतः निर्माण केला. त्यातली मुलगी एका किरकोळ नटापायी घर सोडते, मोलकरणीसारखी राबते, त्याला आंघोळीचे पाणी तापवून देते. शेवटी तो तिला टाकून जाऊ लागतो, तेव्हा तेच उकळते पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. १९८२ च्या 'हिमाला'त तर गावाने देवी बनविलेली मुलगी भर गर्दीसमोर कबूल करते की चमत्कार वगैरे काही झालाच नाही.

भक्तीची ही दोन्ही रूपे धोक्याची आहेत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला होता, की राजकारणात व्यक्तिपूजा शिरली की अधोगती आणि शेवटी हुकूमशाही ठरलेली. फिलिपिनी जनतेने मार्कोसच्या काळात ते भोगले. पण आपल्या आवडत्या गायिकेवर जीव टाकूनही तिला गव्हर्नर केले नाही. टाळी कलेला, मत कामाला, हा विवेक त्या मतदारांनी दाखविला असे आम्ही मानतो.

आणि कलेचे देणे त्यांनी बुडविले नाही. २०१० साली जपानमधील एका सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर नोराबाईंचा गाता आवाज गेला, तरी त्या अभिनय करीत राहिल्या. 'राष्ट्रीय कलावंत' हा सर्वोच्च सन्मान २०१४ साली राष्ट्राध्यक्षांनी नाकारला, २०१८ सालीही तो हुकला. चाहते मागणी करीत राहिले. अखेर २०२२ साली तो मिळाला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलींपैकी कोणी गात असेल, नाचत असेल, तर तिच्या रंगावरून घरात शब्द निघू देऊ नका. तिला स्पर्धेला न्या. आणि उद्या एखादा गाजलेला चेहरा मत मागायला दारी आला, तर चहा जरूर पाजा. मात्र आपल्या नळाच्या पाण्यासाठी आणि रेशनसाठी त्याने आजवर काय केले, एवढे विचारल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.