जिओबॅक्टर आणि माझं जर्नल

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. बायॉलॉजीही दहावीनंतर सोडलं (अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स, मार्क्स पडतात म्हणून!). तरीही लिहिणार आहे बॅक्टेरियाबद्दल, कारण ही गोष्ट शेवटी आपल्याच लॅबमध्ये येते.

श्वास म्हणजे काय? अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुठेतरी नेऊन देणं. आपण ते ऑक्सिजनला देतो. नदीतळाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथला जिओबॅक्टर ते चक्क लोखंडाच्या गंजाला देतो. पण गंज पेशीच्या बाहेर, आणि पेशीचं पटल म्हणजे पक्का इन्सुलेटर. मग मदतीला येतात सायटोक्रोम नावाची प्रथिनं. त्यांच्यात हीम असतात, प्रत्येक हीमच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. आपल्या हिमोग्लोबिनमध्येही हीमच असतं. एका हीमने इलेक्ट्रॉन घ्यायचा, शेजारच्याला द्यायचा, की पुन्हा हात मोकळा! नळाला पाणी नसलं की हॉस्टेलच्या जिन्यावर आपण बादल्या हातोहात वर नेतो ना, अगदी तसं.

या जिओबॅक्टरला वीज वाहणारे केसासारखे धागे असतात. 2005 पासून समजूत अशी, की ते पिलाय नावाचे, वेगळ्याच प्रथिनाचे धागे आहेत. 2011 मध्ये हे पिलाय धातूसारखी वीज वाहतात असा शोधनिबंध आला. लेखकांत निखिल मालवणकर हे नाव (आडनाव वाचून माझे कान टवकारले). 2019 मध्ये त्यांच्याच येल विद्यापीठातल्या गटाने इतरांबरोबर क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने धागा जवळून पाहिला. निघाली ओएमसीएस या सायटोक्रोमची माळ! प्रत्येक मण्यात 6 हीम, जाडी सुमारे 4 नॅनोमीटर. स्वतःच्या जुन्या निबंधाविरुद्ध जाणारं चित्र त्यांनी छापलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालूच आहे. चालू दे की!

आता आपली लॅब. मागच्या सेमला ट्रान्सफॉर्मरच्या ओपन सर्किट टेस्टची माझी रीडिंग्ज सीनिअरच्या जर्नलशी काही केल्या जुळेनात. मग मी तेच केलं जे सगळे करतात. उत्तर आधी, रीडिंग मागून. दोन आठवड्यांनी दुसऱ्या बॅचला कळलं, की त्या टेबलावरच्या वॉटमीटरचं कनेक्शनच लूज होतं. माझी रीडिंग्ज तेच ओरडून सांगत होती, आणि मी ती रबराने खोडली.

दोष फक्त आमचा नाही. न जुळणाऱ्या रीडिंगचे मार्क कापले जाणार असतील तर कोण खरं लिहील? सर, मॅडम, राग नको, पण व्हायवात एकदा "का नाही जुळलं?" एवढंच विचारून बघा. आम्ही उत्तर शोधून आणू.

माझं ते जर्नल डिपार्टमेंटच्या कपाटात आहे. 10 पैकी 9.